सोबत जोडलेला कागद

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१६ एप्रिल १९७२

आक्का,

गेला! काल दुपारी अर्ज रजिस्टरनं दिल्लीला गेला. पोस्टातल्या कारकुनानं पाकिटावरचा पत्ता वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "राष्ट्रपती भवन? काय रं, जेवायला बोलावलंय का तुला?" मी म्हटलं, "नाही, मीच त्यांना एक काम सांगतोय." पावती जपून ठेवलीय. कुरुंदवाडहून पुढच्या खेपेला माहेरी आलात की दाखवतो.

राज्यपालांनी तुमच्या भावाचा दयेचा अर्ज नाकारला तसं तुम्ही हातपाय गाळून बसलाय, असं तुमच्या आई म्हणाल्या. अजिबात बसायचं नाही. जोतीरामदादांना सेशन्स कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली, सुप्रीम कोर्टानं अपील ऐकून घेतलंच नाही, सगळं खरं. पण आपल्या घटनेत बहात्तरावं कलम आहे की! सगळे जज्ज एकीकडं आणि राष्ट्रपती एकीकडं. त्यांनी एक सही केली की फाशीची जन्मठेप होते. मनात आलं तर पूर्ण माफी. देशात असा एकच माणूस आहे आक्का, आणि त्याच्या टेबलावर आता आपला कागद जाणार.

तुमच्या आईंना हे माझ्या प्रोफेसरांपेक्षा लवकर समजलं. म्हणाल्या, "म्हंजे म्हाराजांवानीच की. माझा आजा म्हाराजांची बग्गी आडवून हुबा ऱ्हायलता. राजाला एकच वाक्य सांगायचं असतंय बाळ. लई बोलायचं न्हाई." मला हसू आलं. आता ते दिवस गेले. आता पॉइंट मांडावे लागतात. मी बावीस पानं मांडलीत, सगळी इंग्रजीत. टायपिंग क्लासच्या बाईंना दोनदा रिबन बदलायला लागली.

जज्जांनी काय धरलंय? पाण्याच्या पाळीवरनं दादांचं आणि आकारामचं भांडण झालं. दादा घरी आले. राग निवावा म्हणून आईंनी ताट वाढलं. ते जेवले, आणि मग कोयता घेऊन परत गेले. जेवून गेले म्हणजे थंड डोक्यानं केलं, म्हणून फाशी. मी नुसत्या या जेवणावर सहा पानं लिहिलीत! ज्याला सख्ख्या चुलतभावाचा जीव घ्यायचाय तो दोन भाकरी खाऊन ताटात हात धुतो का? तेव्हा कोयता कुणी चालवला हे सिद्धच होत नाही, दुसरा कुणी असू शकतो, असं मी शेवटाला आणलंय. परवा जेलात भेटलो तेव्हा दादा काहीतरी भलतंच बोलत होते. ते मी मनावर घेतलं नाही. माणूस खचतो.

लहानपणी गंगावेशीत ते म्हैस उभी करून माझ्याच पेल्यात धार काढायचे आणि "पी, वकील" म्हणायचे. मी सहावीत होतो. त्या दुधाला आता जागायला नको का?

अर्जावर आईंचा अंगठा घेतला. एक कॉपी त्यांनाच दिली. त्यांनी ती साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

आणि हो, धोंडुबाईंचा कागद लावलाय. काळजी करू नका.

तुमचा
नरसू


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
३ फेब्रुवारी १९७३

आक्का,

तुमच्या मालकांच्या दुकानावर ट्रंककॉल केला होता, लागला नाही. म्हणून पत्र.

दिल्लीहून उत्तर आलं. दोन ओळी आहेत. अर्जाचा विचार झाला, तो नामंजूर करण्यात येत आहे. कारण दिलेलं नाही. कारण द्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं, ते त्या अधिकारातच येतं. खाली सही राष्ट्रपतींची नाही, कुठल्या तरी अंडर सेक्रेटरीची आहे. मी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

तुम्ही विचाराल, धोंडुबाईंनी, ज्या बाईचा नवरा गेला त्या बाईनं, स्वतः माफ केलं म्हणून लिहून दिलं होतं, तरी कसं झालं? मलाही तेच कळत नाही. त्यांच्या घरून मागनं दुसरं काही गेलं असेल का, ते मला सांगता येणार नाही. त्यांचा दीर गुंडू पहिल्यापासून विरोधात होताच. बाईमाणसावर घरात दाब येतो. मी आरोप करत नाही, फक्त शक्यता सांगतोय.

दादांना येरवड्याला नेलंय. तारीख तुमच्या घरी कळवतील. मला बी. ए.ची परीक्षा आहे, तरी मी येतोच.

नृसिंह


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
११ मार्च १९७३

आक्का,

मी येरवड्याला आलो नाही. परीक्षेचं कारण तुमच्या आईंना सांगितलं ते खोटं. पेपर दुसऱ्या दिवशी होता. सकाळी सातच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. स्टँडवर तुम्ही तिघी बसला होता. आई, तुम्ही आणि तुमच्या मांडीवर दादांची आईवेगळी तानी. ती केळं खात होती आणि साल कुठं टाकू म्हणून तुम्हाला विचारत होती. मी वर्तमानपत्राच्या गाड्यामागं उभा राहून गाडी हलेपर्यंत बघत राहिलो.

परवा पंचगंगेच्या घाटावर, दहाव्याला, मी लांबच उभा होतो. तुम्हीच वळून बघितलंत. मला वाटलं, नरसू म्हणून हाक माराल. तुम्ही म्हणालात, "पावनं, तिकडं सावलीला बसा. उनात हुबं ऱ्हाऊ नका."

पावनं. मी तुमच्या घरी चुलीपुढं बसून जेवलोय आक्का.

मागच्या पत्रात जे लिहिलं होतं, ती शक्यता म्हणून, ते फार मनावर घेऊ नका.

नृसिंह


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२९ डिसेंबर १९७६

आक्का,

मधे चार पत्रं टाकली. तुमचं एकाचंही उत्तर नाही. हे पाचवं. तुम्हाला वाचायला येतं, तेव्हा निदान वाचत तरी असाल असं धरून चालतो.

मी आता लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आमचे घटनेचे सर दार लोटून घेऊन शिकवतात, दिवसच तसे आहेत. या महिन्यात घटना बदलली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वागलं पाहिजे, असं आता सरळ लिहूनच टाकलंय. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, आणि बहात्तराव्या कलमाचं काय? दयेचं?" सर म्हणाले, "तेही सल्ल्यानंच. आधीपासून. आता फक्त छापलं." मग म्हणाले, "तुला काय वाटलं, राष्ट्रपती भवनात एक म्हातारा कंदील घेऊन अर्ज वाचत बसतो?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मला खरंच तसं वाटलं होतं.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. अर्ज गृहखात्यात जातो. तिथं त्याचं एक लहान टिपण होतं. मंत्री त्या टिपणावर सल्ला देतात आणि त्यावर सही होते. म्हणजे बावीस पानं त्यांनी उघडली तरी होती का, देव जाणे. घोड्यावर बसलेला राजा असावा आणि लगाम दुसऱ्याच्या हातात असावा, तशातली गत. हे तुम्हाला अशासाठी कळवतोय की दोष नेमका कुणाचा हे कळलं म्हणजे मनाला जरा बरं वाटतं.

तुमच्या आई आणि धोंडुबाई अजून बोलत नाहीत असं ऐकलं. दोन्ही घरांमधली भिंत वाढवून घेतली म्हणे. मोरीचा दरवाजाही बुजवला. वाईट वाटलं.

नृसिंह


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
८ जुलै १९७९

आक्का,

हे पत्र मोठं होणार आहे. दुपारची कामं उरकून, निवांत बसून वाचा. आईंना लगेच वाचून दाखवू नका. आधी तुम्ही वाचा.

गेल्या रविवारी गंगावेशीत तुमच्या आई भेटल्या. बरोबर तानी होती. काय उंच झालीय! दादांचीच भुवई. मी गप्प पुढं जाणार होतो, पण तिनंच आडवलं.

"तुमी नरसूकाका व्हय?"

"होय."

"मी पाचवीत गेली. आमचं इंग्लिश चालू झालं. ए बी सी डी समदी येतीया मला, धाकली बी आनि मोठी बी."

मी म्हटलं, "शाब्बास."

"आत्ती म्हनली, दिवाळीपातूर वाचाय येतंय. मग मी ट्रंकंतला अर्ज वाचनार हाय. माझ्या बानं दिल्लीला काय सांगितलंय त्ये."

आई कौतुकानं हसत होत्या. मी तानीला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या आणि घरी आलो. त्या दिवसापासनं माझं कशातच लक्ष नाही. कोर्टात सिनियरनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही.

आक्का, त्या बावीस पानांत तिच्या बानं सांगितलेला एकही शब्द नाही. सगळे शब्द माझे आहेत. आणि शेवटच्या पानाच्या तळाला सोबत जोडलेल्या कागदांची यादी आहे. सेशन्सचा निकाल, हायकोर्टाचा निकाल, जन्माचा दाखला. एवढंच. तिनं तिथवर वाचलं की तिला कळणार. तुम्हाला कुणाला इंग्रजी येत नाही, याच्या जोरावर मी सात वर्षं काढलीत.

धोंडुबाईंचा कागद मी लावला नाही.

लिहून झालं. आता उरलेलं सांगतो.

तुम्ही तो कागद पदरात बांधून आणला होता. चैत्राची जत्रा झाल्यावर, जोतिबाच्या डोंगरावर, गुंडूला न सांगता धोंडुबाई आल्या, त्यांनी सांगितलं आणि तुम्ही वहीच्या पानावर लिहिलंत. तुम्ही शाईचं पॅड पुढं केलंत तर त्या म्हणाल्या, "शाई सरकारची. गुलाल देवाचा. मला फिरायचं न्हाई." आणि गुलालात अंगठा बुडवून उठवला. हे तुम्ही मला किती भरल्या आवाजानं सांगितलं होतंत. मी मान डोलावली. तुम्ही गेल्यावर मी कागद उघडला तर गुलाल सगळ्या पानावर पसरला होता, माझ्या बोटांना, शर्टाला लागला. मला वाटलं, हा डागाचा कागद, फाटकी कड, चौथी पास अक्षर, हे राष्ट्रपतींपुढं ठेवायचं? माझ्या टाईप केलेल्या पानांशेजारी? लाज वाटली आक्का. तुमच्या अक्षराची मला लाज वाटली.

पण ते निम्मंच कारण. खरं कारण म्हणजे त्याची पहिलीच ओळ. "माझ्या मालकास्नी जोतीरामनं मारलं, मी बघितलं." माझी सगळी बावीस पानं सांगत होती की मारणारा दुसरा कुणी असू शकतो. तो एक कागद लावला असता तर बावीस पानं रद्दी झाली असती. म्हणून मी कागद ठेवून घेतला आणि पानं पाठवली.

आता जेलातलं. दादा भलतंच बोलत होते असं मी लिहिलं होतं. ते काय बोलले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी जाळीच्या अलीकडून त्यांना पॉइंट समजावून देत होतो. ते ऐकत होते, मग म्हणाले, "नरसू, मी मारलंय की रं. पडला तवा त्यानं माझ्याच नावानं हाक मारली. त्ये लिव."

मी म्हटलं, "असं लिहिलं तर केस संपली."

ते हसले. "केस संपलीया बाबा. आता केस कुटं हाय? माफी मागायची तर केलंय म्हनूनच मागाय लागंल. केलंच न्हाई म्हंटल्यावर माफी कशाची मागतोस?"

मी त्यांच्यावर ओरडलो. खरंच ओरडलो, शिपायानं वळून बघितलं. म्हटलं, दादा, तुम्हाला कायद्यातलं काही कळत नाही, मी सांगतो तसं होऊ द्या. ते म्हणाले, "बरं, वकील." त्यानंतर त्यांनी मला दुधाचंच विचारलं. आता कुठनं घेता, पाणी घालतो का तो.

चार वर्षांनी सरांनी वर्गात तेच शिकवलं. दया म्हणजे अपील नव्हे. कोर्टानं चूक केली की नाही हे तिथं बघत नाहीत. गुन्हा झाला हे धरूनच तिथं सुरुवात होते. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मी तुम्हाला मागं लिहिलं होतं की दोष दिल्लीचा, टिपण करणाऱ्याचा, सल्ला देणाऱ्यांचा. विचार करा, त्या टिपण करणाऱ्यापुढं काय गेलं? दोन कोर्टांनी ऐकून टाकलेलंच गाऱ्हाणं, बावीस पानं. नवीन काही नाही. नवीन एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या घटनेच्या पुस्तकात, बहात्तराव्या कलमाच्या पानात होती. अजून आहे. ते पान गुलाबी झालंय. मी वकिलीत तेच पुस्तक वापरतो आणि ते पान उघडायचं टाळतो.

राज्यपालांचा नकार आला तेव्हा तुमच्या घरी चूल पेटली नव्हती. मी मात्र घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्या चढलो. मला आनंद झाला होता. आता राष्ट्रपतींना लिहायला मिळणार म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या तात्यांना शंका आली असावी. त्यांनी जन्मभर कचेरीत अर्जच वाचले होते, म्हणाले, "एकदा बघू दे." मी दिला नाही. म्हटलं, इंग्रजी आहे.

अजून एक राहिलं आणि तेच सगळ्यात वाईट आहे. नकार आल्यावर मी तुम्हाला लिहिलं, धोंडुबाईंच्या घरून दुसरं काही गेलं असेल का. काही गेलं नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही मला विचाराल की कागद कसा फुकट गेला, म्हणून मी आधीच दुसरीकडं बोट दाखवून ठेवलं. "शक्यता" म्हटलं. कोर्टातली भाषा. त्या एका ओळीवर भिंत वाढली. तुमच्या आईंनी त्यांच्या नावानं बोटं मोडली, भावकीत त्यांना दुतोंडी म्हणाले. दिरानं वेगळं मारलं असेल, जोतीरामसाठी अंगठा दिलास म्हणून. दोन्हीकडनं त्यांनाच. आणि सहा वर्षांत मी दोनदा त्यांच्या दारावरनं गेलो.

पेपरात वाचलं, घटना परत बदलली. राष्ट्रपतींना आता सल्ला पटला नाही तर एकदा परत पाठवता येतो, फेरविचार करा म्हणून. एकदाच. तात्यांनी बातमी मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "एवढं तरी बरं झालं." मी जेवणावरनं उठलो.

तो कागद सोबत पाठवतोय. तुमच्याच हातचा आहे. धोंडुबाईंना द्या, आईंना दाखवा, काय करायचं ते तुम्ही ठरवा. तानीला दिवाळीच्या आत कुणीतरी सांगा. मला जमेल असं वाटत नाही.

नरसू


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२६ ऑगस्ट १९७९

आक्का,

तुम्ही आला नाहीत. बरोबर केलंत. पण तुम्ही पाठवलं ते पोचलं, म्हणून काय झालं ते कळवतो.

काल सकाळी दार वाजलं. उघडलं तर धोंडुबाई. मागं तानी, काखेत साडीत गुंडाळलेलं काहीतरी. मी "या, आत या" म्हटलं. धोंडुबाई उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, "आक्का म्हनली, माझं तितं काय काम न्हाई, तूच जा. म्हनून आली. बस खाली." माझ्याच घरात मी खाली बसलो.

"तानी, काड त्यो अर्ज. पावन्याला दे. वाच रं. मराटीत वाच."

मी म्हटलं, "काकू, सगळा?"

"बावीस पानं लिवताना न्हाई तुला वाटलं सगळा म्हनून?"

वाचला. एकेक ओळ इंग्रजीतनं वाचायची आणि मराठीत सांगायची. तात्या आतल्या खोलीत होते, त्यांच्या खुर्चीचा आवाज थांबला. शाळेत मला वक्तृत्वाचा कप मिळाला होता आक्का, आणि त्या बाईपुढं मला माझंच वाक्य सांगता येईना. जेवणाची सहा पानं झाली. मग ते आलं, की मयतावर वार करणारी व्यक्ती कोण हे निःसंशय सिद्ध झालेलं नाही.

धोंडुबाईंनी हात वर केला. "थांब. म्हंजे काय?"

मी सांगितलं.

"म्हंजे माझ्या मालकाला कुनीच मारलं न्हाई व्हय?"

मी पुढची ओळ शोधायला लागलो.

"मी तितं बांधावर हुती की. रगत माझ्या लुगड्यावर हुतं. बावीस पानांत माझा मानूस मेला कुटं रं? दाव की. कुटल्या पानावर मेला?"

मी पानं चाळली. तो मेलाच नव्हता त्यात. नुसता मयत होता.

मग तानी म्हणाली, "आनि बा कुटं बोलतोय?"

मी सांगितलं, "तुझा बा यात बोलत नाही. मी त्याला बोलू दिलं नाही."

ती रडली नाही. अर्जाची पानं तिनं गोळा केली, कडा एकसारख्या केल्या आणि परत साडीत गुंडाळली. मला वाटलं फाडेल. फाडली असती तर बरं वाटलं असतं.

उठताना धोंडुबाई म्हणाल्या, "जोतीरामच्या आईनं मोरीचं दार उकरलं. आईतवारी. मी हाक न्हाई मारली, तीबी न्हाई. नुस्तं दार उकरलं आनि कालवनाची वाटी ठेवून गेली." मग कमरेची पिशवी सोडून तो कागद काढला. मला वाटलं तोंडावर फेकतील. म्हणाल्या, "माझ्याकडनं काय सुटायचं त्ये जोतीरामला सुटलं, तवाच. तुझी माफी माझ्याकडं न्हाई. ह्या पोरीकडं हाय. तिला अर्ज लिव. मराटीत. एका पानात." आणि कागद माझ्या हातात दिला. "आनि ह्या खेपंला लावायचा हं, पावनं."

एका पानात लिहायला मला आठ कागद लागले. सोबत आहे. तुम्ही आधी वाचून बघा, आणि द्यायचा की नाही ते ठरवा. नाही दिलात तरी मी विचारणार नाही.

नरसू


तानूबाई जोतीराम मगदूम यांस

तानी,

तुझ्या बानं आकारामकाकांना मारलं. ते खरं आहे. त्याला त्याची माफी मागायची होती. तो मला म्हणाला, मी मारलंय, ते लिही. मी लिहिलं नाही.

धोंडुकाकूंनी त्याला माफ केलं होतं. तो कागद माझ्याकडं होता. मी तो दिल्लीला पाठवला नाही आणि पाठवला म्हणून तुझ्या आत्तीला सांगितलं. नंतर धोंडुकाकूंनीच शब्द फिरवला असेल असं मी सुचवलं. त्यांनी फिरवला नव्हता.

तो कागद गेला असता तर तुझा बा वाचला असता का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ते कळायची वाट मीच बंद केली.

हे सगळं मी केलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, पण ते कारण म्हणून सांगत नाही.

माफ कर एवढं एकच मागणं आहे. यात तुला कुणाचा सल्ला घ्यायला नको, आणि नाही म्हणालीस तर कारण द्यायला नको. घाई नाही. मोठी झालीस की ठरवलंस तरी चालेल.

नृसिंह

सोबत जोडलेले कागद: एक. त्याला गुलाल आहे. हात लावताना जपून, अजून लागतो.